केरबाकाकांनी आवळलेली चकती

केरबाकाकांनी एकदा आवळलेली वस्तू दुसऱ्या कुणाला सुटत नाही, हे शिवाजी पेठेतल्या त्या बोळात सगळ्यांना मान्य होतं. ते हयात होते तोवर त्याचा कुणाला त्रास नव्हता, कारण सोडायलाही तेच असायचे. मोरीचा नळ, लोणच्याची बरणी, टाकीचं झाकण, सगळं तेच आवळायचे आणि तेच सोडायचे. मागच्या दिवाळीनंतर ते गेले आणि आवळलेल्या वस्तू तशाच राहिल्या. लोणच्याची बरणी शेवटी फोडावी लागली. नळ प्लंबरने भिंतीच्या तुकड्यासकट काढला. राहिली ती सायकल.

सायकल गिअरची होती. निवृत्त झाल्यावर मुलीनं, प्रियदर्शनीनं, हौसेनं घेऊन दिलेली. काका रोज दुपार उतरली की पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. बोळ अरुंद, म्हणून कोपऱ्यावर उतरून सायकल हातात धरून चालत आणायचे. मागचं चाक टिक टिक टिक करत यायचं. तो आवाज ऐकून शालूकाकी चहाचं आधण ठेवायच्या.

आता सायकल मागच्या सोप्यात भिंतीला अडकवलेली होती आणि टिकटिक चालूच होती.

हे प्रथम कळलं संयोगिताला. ती काकांची पुतणी, शेजारच्याच घरात राहणारी, पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली आणि पुढच्या प्रवेशाची वाट बघत घरी बसलेली. शिकलेलं माणूस रिकामं बसलं की घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण शोधू लागतं, आणि बाकीच्यांना ते फार सोसावं लागतं. एका संध्याकाळी ती विरजण मागायला काकीकडे गेली, तर ओट्यावर दोन कप मांडलेले. एकात साखर, दुसरा कोरडा.

"कोण येणार हाय, काकी?"

"येतीलच की आता."

मागून आवाज आला. टिक. टिक. टिक. संयोगितानं सोप्यात डोकावून पाहिलं. सायकलचं मागचं चाक सावकाश फिरत होतं. वाऱ्यानं फिरतं तसं अडखळत नाही. कुणीतरी दमून, पण रमतगमत घरी यावं तसं. मग ते थांबलं. काकींनी कोरड्या कपात चहा ओतला, सोप्यातल्या खिडकीत नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "शुगर हाय न्हवं त्यांस्नी. बिनसाखरेचा लागतोय."

संयोगिताच्या अंगावर काटा आला. काटा येणं म्हणजे त्वचेखालचे बारीक स्नायू आकसणं, हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असल्यानं तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पंखे बंद केले आणि खिडकी लावली. चाक फिरलं. तिनं पाल असेल म्हणून सोपा झाडून काढला. चाक फिरलं. मग तिनं चाकाची एक तार आणि सायकलचा सांगाडा यांना शिवणाचा दोरा बांधला. संध्याकाळी आवाज आला, आणि जाऊन बघते तो दोरा तुटलेला नव्हता. चाकाच्या आसाभोवती नीट गुंडाळलेला होता, एखाद्यानं वाया जाऊ नये म्हणून गुंडाळून ठेवावा तसा. काका तुटका सुतळीचा तुकडासुद्धा असाच गुंडाळून ठेवायचे, ही आठवण तिला तेव्हाच यायची काही गरज नव्हती.

शेवटी तिनं साखळीच काढली. साखळी नसली की मागची दातेरी चक्रं चाकासोबतच फिरतात आणि टिकटिक होण्याचं कारणच उरत नाही. हे नियमानं सिद्ध होतं. त्या संध्याकाळी टिकटिक झाली. संयोगिताला भीती वाटली त्याहून जास्त अपमान वाटला.

"तारांत काठी घालून चाक अडवू का, काकी?"

"का गं? चालत्या माणसाच्या पायात काठी घालतीस?"

हे सगळं मजेत चाललं असतं, पण आजऱ्याला प्रियदर्शनीचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दसऱ्याच्या आसपासची वेळ सांगितलेली. सासू नव्हती, नवरा काजूच्या कारखान्यात, हंगाम असो नसो कामातच. ती रोज फोन करायची.

"आई, ये की गं. मला भ्या वाटालंय."

"आलो असतो बाळ. पर सांजच्याला हे येत्यात. दार कोण उघडणार?"

"मी उघडतो की!" शेजारी बसलेली संयोगिता मधेच म्हणाली.

"तुझ्या हातचा च्या त्यांस्नी चालत न्हाय." काकी शांतपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग पदरानं डोळे पुसले. ते मात्र शांतपणे नव्हतं.

त्या रात्री प्रियदर्शनीनं संयोगिताला वेगळा फोन केला. ती रडत होती. "संयू, ते चाक बंद कर. कायबी कर. मला आई पायजे."

तर असा हा प्रकल्प. चाकाच्या पोटात बारीक खटके असतात, ते टिकटिक करतात. ते काढून घेतले की आवाज यायला जागाच नाही. खटक्यांपर्यंत पोचायचं तर आधी दातेरी चक्रांचा गठ्ठा काढायचा, ज्याला कॅसेट म्हणतात. आणि कॅसेट जागेवर धरून ठेवते ती बाहेरची एक खाचांची चकती, लॉकरिंग. ती सोडायची. एवढंच. संयोगितानं काकींना 'सर्व्हिसिंग करतो' एवढंच सांगितलं. सर्व्हिसिंग काकांच्या आवडीचं, म्हणून परवानगी मिळाली.

चकतीच्या खाचांत बसणारा खास पाना आणि चक्रं धरून ठेवणारा साखळीचा दांडा ऑनलाइन मागवला. पत्त्यात 'तालमीजवळ' असं लिहिलं होतं, म्हणून कुरिअरवाल्यानं पार्सल तालमीत दिलं. तिथं कुणीतरी ते उघडलं, आणि तो दांडा व्यायामाचा नवीन प्रकार असावा असं समजून तालमीतल्या पोरांनी तो खांद्यावरून फिरवून बघितला. फायदा होतो, असं मत पडलं. संयोगिता आणायला गेली तेव्हा दोघांनी तिच्याकडे आसनाचं नाव विचारलं.

तिनं मागचं चाक सायकलवरून उतरवलं. पाना बसला. दांडा बसला. संयोगितानं जोर लावला. काही नाही. ती पान्यावर उभी राहिली. काही नाही. ही चकती साधारण चाळीस न्यूटन-मीटर इतकी आवळतात, म्हणजे मध्यम ताकदीच्या माणसाला सुटेल इतकी. पण केरबाकाकांनी आवळताना हे कोष्टक पाहिलेलं नव्हतं.

तिनं गंजलेले आटे सोडवायचं तेल मारलं आणि रात्रभर ठेवलं. रॉकेल घातलं. समोरच्या घरातले उदयसिंह, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, चष्मा कपाळावर सारून बघायला आले आणि चाकाभोवती फेऱ्या मारू लागले. हे वाईट लक्षण असतं.

"उलटे आटे असणार," ते शेवटी म्हणाले.

"नाही काका, सरळच आहेत. पुस्तकात आहे."

"पुस्तक कुठलं? परदेशातलं न्हवं? गॅसच्या सिलिंडरचे उलटे असत्यात का न्हाय? डाव्या पायडलचे उलटे असत्यात का न्हाय? मग? ऋतुराजला बोलवा."

ऋतुराज तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याच्या हातून बॉल सुटत नाही अशी पेठेत ख्याती होती. न सोडण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाला सोडवायला बोलावणं कुणाला खटकलं नाही. तो आला, त्यानं पान्याला लोखंडी नळी अडकवली, बोळातली चार माणसं चाक धरून बसली, आणि संयोगिता "सरळ, सरळ!" म्हणत असताना उदयसिंह "उलट!" म्हणाले. उदयसिंहांचा आवाज मोठा होता.

कट्ट.

"सुटलं!" बोळानं टाळ्या वाजवल्या.

कट्ट. कट्ट.

"लई जोर हाय पोरात!"

संयोगितानं आधीच चकतीवर आणि चक्रावर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवली होती. तिनं वाकून बघितलं. ही चकती आवळतानाही असाच आवाज करते. सगळ्या बोळानं मिळून, केरबाकाकांनी आवळलेली चकती आणखी आवळली होती. तिनं हे सांगितलं तेव्हा माणसांना आपापल्या घरी कामं आठवली. ऋतुराज एवढंच म्हणाला, "पण आवाज चांगला आला की, ताई."

त्या संध्याकाळी टिकटिक आली ती घाईची. कुणीतरी सायकल हातात धरून तावातावानं बोळ ओलांडावा तशी.

"चिडलेत," काकी म्हणाल्या आणि चहा खिडकीत ठेवला. संयोगितानं त्या कपाकडे बराच वेळ पाहिलं. वाफ सरळ वर जात होती आणि खिडकीच्या उंचीला पोचल्यावर एका बाजूला वळत होती, कुणी फुंकर घालत असल्यासारखी. खिडकी बंद होती. तिनं ठरवलं की हे आपण पाहिलेलं नाही.

पुढचा प्रयत्न कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. तिथल्या मोठ्या व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, पाना पकडायचा आणि चाकच हातानं फिरवायचं, म्हणजे सगळ्या चाकाचा दांड्यासारखा उपयोग होतो. कल्पना उत्तम होती. पण गेटवरच्या माणसानं चाक अडवलं.

"सायकल आत न्यायला बंदी हाय."

"ही सायकल नाही. चाक आहे."

"मग सायकल कुठं हाय?"

"घरी."

"चाकाशिवाय?" त्यानं संशयानं बघितलं. "मालक कोण?"

"काका. वारले."

त्यानं चाकावरून हात झटकन मागे घेतला. मग गेटजवळच्या ऑफिसातून साहेबांची सही आणायला सांगितलं. साहेब दसऱ्याच्या रजेवर होते, आणि त्यांचं काम बघणाऱ्या साहेबांना फक्त सजीव विद्यार्थ्यांच्या अर्जावर सही करायचा अधिकार होता. सजीव हा शब्द त्यांनी का वापरला, हे संयोगिताला कळलं नाही. त्यांनाही नसावं. बोलून झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. कारण खोलीत, तिच्या हातात, चाक एकदाच बोललं होतं. टिक.

घरी आली तर प्रियदर्शनीचा फोन येऊन गेलेला. कळा नव्हत्या, पण भीती होती. काकी देवासमोर बसल्या होत्या.

"काकी, जावा की तुम्ही. मी बघतो इथलं."

"कशी जाऊ गं? त्यांस्नी कुलूप लावून जाऊ? पोरीकडं मन वडतंय आणि पाय इथं हायत." त्यांनी स्वतःच्या पायांकडे असं बघितलं की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "तिकडं बाळ येतंय. हिकडं हे येत्यात. मी एक बाई कुठंकुठं दार उघडू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोगिता चाक रिक्षात घालून उद्यमनगरात गेली. तिथं दादासोंचं लेथचं वर्कशॉप होतं आणि दादासो वडिलांच्या ओळखीचे. तिथलं कुठलंही व्हाइस चालणार होतं. पण ती रिक्षातून उतरली आणि थांबली. एकही यंत्र चालू नव्हतं. इतकं शांत उद्यमनगर तिनं कधी पाहिलं नव्हतं. ओळीनं सगळी शटरं वर, आत सगळे लेथ धुतलेले, झेंडूच्या माळा घातलेले, आणि पाने, हातोडे, कानशी पाटावर मांडून ठेवलेल्या, हळदीकुंकू लावलेल्या. जणू गावातल्या सगळ्या हत्यारांनी एकदम डोळे मिटले होते.

"पावणं, या या! प्रसाद घ्या!" दादासोंनी हाक मारली आणि मग तिला ओळखलं. "अगं, तू व्हय? आज खंडेनवमी न्हवं. आज हत्याराला हात लावायचा न्हाय."

"दादासोकाका, एकच मिनिट. व्हाइसमध्ये नुसतं धरायचं."

"धरायचं म्हंजे हातच की. वर्षभर ते आपल्यासाठी राबतंय, एक दिवस त्याला बसू दे." असं म्हणत त्यांनी तांब्यातलं पंचामृत पळीनं लेथच्या जबड्यावर सोडलं. दूध, दही, तूप, मध, साखर. ते चकाकत्या लोखंडावरून ओघळलं आणि जबड्याच्या आट्यांत शिरलं.

संयोगिता त्या ओघळाकडे बघत राहिली.

"काका, हे नंतर चिकटत नाही?"

"चिकटतंय की! उद्या सकाळी आधी पुसून काढायचं, मगच यंत्र चालू. न्हायतर बसलं घट्ट."

रिक्षावाल्याला तिनं तसंच मागे फिरवलं.

"काकी!" ती दारातूनच ओरडली. "काका खंडेनवमीला सायकलची पूजा करायचे?"

"करायचे म्हंजे? देवाच्या आधी तिची." काकी हसल्या. बऱ्याच दिवसांनी. "डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासनं आपल्या वाटणीचं पंचामृत तिलाच पाजत हुते. वाटीभर. मी म्हंटलं, अहो एवढं कशाला? तर म्हंत्यात, तिला कुठं शुगर हाय?"

"आणि पुसायचे नाहीत?"

"प्रसाद कोण पुसतंय गं?"

म्हणजे काकांना निषिद्ध असलेलं सगळं गोड, वर्षामागून वर्ष, त्या चकतीच्या आट्यांत जाऊन बसलं होतं. वाळलं होतं. दगड झालं होतं. आणि सगळ्या जगानं त्यावर तेल ओतलं होतं. संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. साखर तेलात विरघळत नाही, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असतं. साखरेला लागतं गरम पाणी.

दिवेलागण झाली होती. ओट्यावर आधण उकळत होतं. आज खंडेनवमी, हत्याराला हात लावायचा नाही, हे काकींनी सांगायची गरज नव्हती. पाना देवघरासमोर पाटावर ठेवलेला होता, त्याला काकींनी दुपारीच कुंकू लावलं होतं. संयोगितानं चाक मोरीत आडवं ठेवलं.

"पान्याला हात लावत नाही, काकी. नुसतं पाणी ओततो. त्यांच्या कपाचं पाणी देता?"

काकींनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच चिमट्यानं पातेलं उचललं आणि उकळतं पाणी चकतीवर सोडलं. सावकाश, चहा ओततात तसं.

वाफ उठली. त्या वाफेला वास होता. आधी मधाचा, मग तुपाचा, मग तुळशीचा आणि कापराचा, आणि सगळ्याच्या खाली सायकलवरून आलेल्या माणसाच्या शर्टाचा. हे शेवटचं रसायनशास्त्रात बसत नव्हतं. तपकिरी पाणी मोरीत ओघळू लागलं. काकींनी दुसरं पातेलं ओतलं. समोरच्या खिडकीत उदयसिंह उभे होते. त्यांनी चष्मा काढला आणि का कोण जाणे, हात जोडले.

संयोगिता थांबली होती, उद्यासाठी. उद्या दसरा, उद्या पाना उचलता येईल. पण चकती थांबली नाही. कुणीही हात लावलेला नसताना ती बारीक आवाज करत सरकली. कट्ट. या वेळी खडूची रेघ दुसऱ्या बाजूला गेली. सरळ आट्यांच्या बाजूला. पुस्तकातल्या बाजूला. मग काकी वाकल्या, दोन बोटांनी चकती फिरवली आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तशी काढून हातात घेतली.

"हात मी लावला," त्या म्हणाल्या. "हत्याराला न्हाय."

मोरीत शांतता होती. चाक फिरलं नाही. टिकटिक झाली नाही. चहाची वेळ आली, उलटली. काकी खिडकीकडे बघत बसल्या आणि संयोगिताला, आपण जिंकलो तरी, कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

"गेले?" तिनं हळूच विचारलं.

 काकी उठल्या आणि पिशवी भरायला लागल्या.

सकाळी सगळं गाव आपट्याची पानं घेऊन फिरत होतं. काकींनी एक पान सायकलच्या सांगाड्यावर ठेवलं, ती चकती पदराच्या टोकाला बांधली, घट्ट गाठ मारली आणि आजऱ्याची एसटी पकडली. संयोगितानं मग चाक शास्त्रानं पूर्ण उघडलं. कॅसेट काढली, आतले खटके काढले, रॉकेलच्या वाडग्यात बुडवून ठेवले. निवांतपणे. आता टिकटिक करायला जगात काही शिल्लक नव्हतं. तिला स्वतःचा अभिमान वाटला आणि घरात फार रिकामं वाटलं.

संध्याकाळी काकींचा फोन आला.

"पोरगी झाली, संयू! घरातच झाली, दवाखान्यात न्यायला येळच मिळाला न्हाय. दोघीबी बऱ्या हायत. मी येळेत पोचलो बघ."

"खरंच? काकी, पेढे—" आणि ती थांबली. फोनमध्ये, काकींच्या मागे, काहीतरी ऐकू येत होतं. लांबून जवळ येणारं. दमून, पण रमतगमत.

टिक. टिक. टिक.

संयोगितानं वाडग्यात बघितलं. खटके होते. सगळे. रॉकेलच्या तळाशी, हलत नव्हते.

"काकी, तिथं भिंतीवर घड्याळ हाय का हो?"

"हाय की. पर बंद हाय गं, जावयानं सेलच घातला न्हाय." काकींच्या आवाजात कसली तरी लगबग होती, भांड्यांचा आवाज येत होता. "कशी जाऊ, कशी जाऊ म्हणून बसलो हुतो बघ मी येड्यासारखी. त्यांस्नीच कुणी सोडत नव्हतं. थांब जरा, दार उघडतो."

दार उघडल्याचा आवाज आला. टिकटिक थांबली. कुठेतरी एक अगदी नवं बाळ रडायचं थांबलं.

संयोगिता पदार्थविज्ञानात एम. एस्सी. होती. तिला विचारायला शंभर प्रश्न होते आणि त्यातला एकही तिनं विचारला नाही. तिनं वाडग्यावर झाकण ठेवलं. सैलसर.

"काकी," ती म्हणाली, "नात झाली म्हणून आज हट्ट करतील. पण च्यात साखर घालू नका."